मेलेल्या कोंबडीसाठी टाळी

सांडोरच्या आमच्या वाडीत त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. केळीच्या पानावर एक पांढरी कोंबडी उताणी पडली होती, पाय वर, डोळे अर्धवट मिटलेले.

"पाहा!" पक्षीनाथबाबा गरजले. "हिचा प्राण गेला! कुठे गेला? वायव्येला, पक्ष्यांच्या पितरांकडे!"

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि फाडकन टाळी वाजवली. कोंबडी ताडकन उठली, पंख झटकले आणि बाबांच्या धोतरावर शिटली. बाबांनी तोही शुभशकुन ठरवला. लोकांनी जयजयकार केला.

त्यात सगळ्यात वरचा आवाज माझा होता. मी शरदचंद्र, एम.एस्सी. केमिस्ट्री. औषधांच्या कारखान्यात आयुष्य काढलं. तिथल्या निर्जंतुक खोलीत पायांना पिशव्या आणि डोक्याला टोपी घातल्याशिवाय मी मालकालाही आत सोडत नसे. निवृत्तीनंतर वाडीत कोंबड्यांची शेड घातली, पण अक्कल बहुधा कारखान्याच्या गेटवरच जमा करून आलो.

दर हिवाळ्यात आमच्या बावखलावर, म्हणजे वाडीतल्या जुन्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, दूरदेशची रानबदकं उतरतात. यंदा त्यांतली काही काठावर मरून पडलेली दिसली. बर्ड फ्लूच्या बातम्या येतच होत्या. पुतणी रेवा जनावरांची डॉक्टर आहे, तिला फोन लावला.

"काका, त्या बदकांना हात लावू नका. मी नमुने घ्यायला येते. तोवर बावखलाचं पाणी कोंबड्यांना बंद. शेडला जाळी लावा, दाराशी चुना टाका आणि बाहेरच्या कुणालाही आत पाय ठेवू देऊ नका."

जाळी आणि चुना! एवढं मोठं संकट आणि उपाय इतका किरकोळ? शिकलेल्या माणसाला साधं काही पटतच नाही, त्याला भारी काहीतरी लागतं. आमच्या मेहुण्यांनी, जयवंतांनी, बाबांचा व्हिडिओ पाठवला होता. मेलेली कोंबडी उठते, यापेक्षा भारी काय असणार?

बाबांचा विधी असा: सगळ्यांनी अनवाणी बावखलाला प्रदक्षिणा घालायची, तिथलं पाणी तांब्यात भरायचं आणि शेडमध्ये जाऊन कोंबड्यांना तीर्थ म्हणून पाजायचं.

"जिथे विष, तिथेच उतारा," बाबा म्हणाले. "काट्यानेच काटा निघतो!"

केमिस्टने मान डोलावली.

"अहो, रेवा काय म्हणाली होती?" आमच्या प्रमोदिनीबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"रेवा लहान आहे," मी म्हणालो आणि शेडचं दार सताड उघडलं. बावखलाची प्रदक्षिणा करून आलेला सगळा गाव पाण्याचे तांबे घेऊन चिखलाच्या पायांनी आत गेला.

तिथून मिरवणूक कुंपणापलीकडे रिटाच्या फाटकावर गेली. रिटाचा नवरा गेलेला. कोंबड्यांच्या अंड्यांवर तिच्या लेकीचं, एस्थरचं, नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. फाटकाला कुलूप होतं आणि आत चुन्याचा जाड पट्टा.

"शरदभाऊ, फादर आले होते ना, त्यांनापण मी बाहेरूनच आशीर्वाद द्यायला सांगितला," रिटा म्हणाली. "डॉक्टरबाईंनी बजावलंय, कुणाला आत नाय घ्यायचं."

"अगं, मी एम.एस्सी. आहे. मी सांगतो ना!"

माझ्या शब्दाला गावात वजन. रिटाने कमरेची किल्ली हातात घेतली. तेवढ्यात रेवाची स्कूटर येऊन थांबली.

"रिटामावशी, किल्ली परत खोचा," ती मास्क चढवत म्हणाली. मग हातमोजे घालून बाबांकडे वळली. "तुमची कोंबडी द्या बघू."

बाबा काही बोलायच्या आत तिने ती घेतली, पानावर उताणी केली आणि छातीवर हलकेच हात दाबून धरला. थोड्या वेळाने हात काढला. कोंबडी निपचित.

"मारली!" लोक ओरडले.

"मेलेली नाही, घाबरून थिजली आहे. शत्रूने पकडलं की कोंबडी मेल्यासारखी पडून राहते. शत्रूची पकड सैल झाली की पळायला मिळतं. काका, टाळी वाजवा."

मी वाजवली. कोंबडी उठून चालायला लागली. जपतप न करता मला सिद्धी मिळाली होती.

"बाबा, काठावर खरंच मेलेलं बदक पडलंय," रेवा म्हणाली. "ते उठवा, मी नोकरी सोडून तुमची शिष्या होते."

बाबांना एकाएकी विरारचा कार्यक्रम आठवला. रेवा मात्र हसली नाही. तिने माझ्या हातातला तांब्या पाहिला.

"काका, हे पाणी कुठलं?"

"बावखलातलं."

"आणि ही माणसं?"

"शेडमधून आली."

मरण्याआधी बदकं त्याच पाण्यात पोहली होती, हगली होती. काठावरचा तोच चिखल पायांना घेऊन आम्ही आत गेलो होतो. रेवाने सगळ्यांच्या पायांवर जंतुनाशक फवारलं, पण माझ्या शेडला त्याचा आता उपयोग नव्हता.

पुढल्या आठवड्यात पहिली कोंबडी मेलेली सापडली. तुरा जांभळा पडला होता. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. लाज सोडून मी टाळी वाजवली. मग आणखी जोरात वाजवली. ती उठली नाही.

तपासणीचा निकाल आला आणि सरकारी पथक आलं. पायांना पिशव्या, डोक्याला टोपी. माझेच नियम माझ्याच दारात उभे. रोग सापडला की आसपासच्या सगळ्या पाळीव कोंबड्या माराव्या लागतात. रिटाच्या कोंबड्या त्या सकाळीही अंडी देत होत्या. तिने किल्ली स्वतःच काढून दिली.

संध्याकाळी मी तिच्या फाटकाशी गेलो.

"मी माझं दार नाय उघडलं, शरदभाऊ," ती म्हणाली. "पण तुम्ही तुमचं उघडलंत, म्हणजे माझंपण उघडलंच की."

मला रडू आलं. रोग पाण्यातून आला की पायांवरून, ते कुणी सांगू शकत नाही. दार मी उघडलं, एवढं पक्कं.

म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला तर आधी विचारा की हे घडतं कसं. आणि जाणकार माणसाने साधा उपाय सांगितला, तर तो साधा आहे म्हणून टाकून देऊ नका. माझ्या एम.एस्सी.ला हे फार उशिरा कळलं.

परवानगी मिळाली की रिटा नवी पिल्लं आणणार आहे. मी बघायला जाईन, पण फाटकाच्या बाहेरूनच.