तेच नाव, तोच पासवर्ड

नव्या घरात सगळं मार्गी लागलं होतं, एक दिवा सोडून.

दिवा टिल्लूचा. मुठीएवढा, कासवाच्या आकाराचा. घरच्या वायफायला जोडला की त्याची पाठ निळी उजळायची आणि पोटातून एक बाई गोष्ट सांगायची. टिल्लू पाच वर्षांची, आणि त्या बाईच्या आवाजाशिवाय तिचा डोळा लागत नसे. इथे आल्यापासून कासव नुसतं लुकलुकायचं आणि पोरगी रोज घर डोक्यावर घ्यायची.

तिची आई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. केसभर चुकलं तरी चालत नाही असं काम, आणि हिला झोप नाही. परवा डावी काच उजवीकडे बसवली. मालकाने नुसती फ्रेम परत तिच्यापुढे ठेवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवा नव्या वायफायला जोडायचा तर ज्याच्या फोनवरून तो पहिल्यांदा जोडला होता, त्याच फोनवरून परवानगी हवी. तो फोन नवऱ्याचा. आणि नवऱ्याला हे घर कळू नये यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

त्या माणसाने तिच्यावर हात कधी उगारला नाही. आवाजही कधी चढवला नाही. पण घरातलं पान त्याच्या फोनशिवाय हलत नसे. दिवे, पंखे, दाराचं कुलूपसुद्धा त्याने फोनला जोडलेलं. एकदा न विचारता तिने भावाकडे जायचं ठरवलं, तर दिवसभर दार उघडलंच नाही. संध्याकाळी येऊन म्हणाला, "कुलूप बिघडलं असेल." शेवटी शेवटी एकदा भाजी चिरताना शांतपणे म्हणाला, "तू कुठेही जा. टिल्लूला मी घेऊन जाईन, मग बस शोधत." तो म्हणेल ते करतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आठवड्याभरात तिने पोरीला घेऊन घर सोडलं. नवा पत्ता ठाऊक होता फक्त तिच्या भावाला.

भाऊ इंटरनेट कंपनीत तक्रारी ऐकायचा. "राउटर बंद करून परत चालू करा" एवढ्या एका वाक्यावर त्याचा संसार चालला होता. रविवारी आला, टिल्लूचा रडका चेहरा पाहिला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या जुन्या घरच्या वायफायचं नाव काय होतं? आणि पासवर्ड?"

तिने सांगितलं. त्याने नव्या राउटरला तेच नाव दिलं, तोच पासवर्ड ठेवला.

"झालं. दिव्याला काय कळतंय घर बदललंय ते?"

कासवाची पाठ निळी झाली. बाई बोलू लागली. टिल्लू गोष्ट अर्धी व्हायच्या आत झोपली आणि भावाची पाठ वळल्यावर आईने पदरात तोंड खुपसून मनसोक्त रडून घेतलं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी गोष्ट ऐन रंगात आलेली असताना बाई मध्येच थांबली. कासव लाल झालं.

जुन्या घरी तो ऑफिसातून दिवा असाच लाल करायचा. त्याचा अर्थ, पुरे, आता झोपा. दोघींनी.

"बाबांनी केलं," टिल्लू खुशीत म्हणाली. "आई, बाबांना कळलं आपण इथे आहोत."

तिने दिवा उपटला आणि कपाटात कोंबला. भावाला फोन लावला.

"दिवा चालू आहे एवढं त्याला दिसलं असणार," तो म्हणाला. "कुठे आहे ते नाही दिसत त्यात. तू उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस. रविवारी येतो, नाव बदलून टाकतो."

तिला धीर आला, पण अर्धाच. शनिवारी दुपारी ती दुकानातून लवकर आली, शेजारून टिल्लूला घरी आणलं. टिल्लू जमिनीवर पसरून चित्र रंगवत होती. आता रविवारची वाट कशाला बघायची, असं म्हणून तिने भावाला फोन लावला आणि तो सांगेल तसं राउटरचं पान मोबाइलवर उघडलं.

"वरती काय काय जोडलंय ते दिसेल," भाऊ म्हणाला. "तुझ्या एकटीचाच फोन असेल."

"दोन आहेत."

"दुसरा दिवा असेल."

"दिवा कपाटात आहे. हा फोन आहे." तिने नाव वाचलं. "त्याचा."

भावाचा आवाज पार खाली गेला.

"ताई, माझीच अक्कल शेण खायला गेली होती. दिवा लागला म्हणजे तू नाव तेच ठेवलंयस, हे त्याने ताडलं. आणि ते नाव त्याच्या फोनला पाठ आहे. खिशात फोन टाकून माझ्या घराभोवतीच्या गल्ल्या गल्ल्या फिरायचं, बस. जिथे तो आपोआप जोडला जाईल, तिथे तू."

"म्हणजे तो आत्ता…"

"रेंज जिन्यापर्यंतच असते गं. मी निघालो. तू बंद कर ते आधी. वायर उपट."

तिने वायर उपटली. राउटरचे दिवे विझले. आधी बरं वाटलं, एखादं दार लावून घ्यावं तसं. फोन कानाशी धरून ती मधल्या खोलीत उभी राहिली. दाराची कडी लावलेली होती, वरची खिट्टीही तिने सरकवली.

खालच्या मजल्यावर कुणीतरी बेल वाजवली. दार उघडल्याचा आवाज आला. मग एक मऊ, अदबशीर आवाज जिन्यातून स्पष्ट वर आला.

"माफ करा हं, त्रास देतोय. तुमचं नेट आत्ता गेलं का?"

"नाही बुवा. आमचं चालू आहे."

"बरं, बरं. वर विचारतो."

बूट पायऱ्या चढू लागले. शेजारच्या दारावर बेल झाली. तोच प्रश्न, तितक्याच मवाळपणे. शेजारच्या आजोबांनी आत जाऊन पाहिलं, परत आले आणि म्हणाले, आमचं व्यवस्थित आहे.

फोनमध्ये भाऊ काहीतरी सांगत होता. तिचं लक्ष नव्हतं. ती टिल्लूकडे झेपावली, पण टिल्लूने आवाज केव्हाच ओळखला होता. खडू टाकून ती दाराकडे धावत सुटली होती.

"बाबा, आमचं गेलंय."