ताईंची फाईल

मुंगीने रेकॉर्डिंगमधला ताईंचा खोकला कापला, मग चमचा पडल्याचा आवाज कापला. 'चला, ठेवते आता' असं ताई म्हणाल्या तिथे फाईल संपायला हवी होती. संपली नाही. पुढे अजून अकरा मिनिटं होती.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक स्टूल, एक टेबल आणि काचा घासायचं मशीन. मशीन बंद असलं की तिथे रेकॉर्डिंग करण्याइतकी शांतता असायची. पुढे मालक डबा संपवून काउंटरवरच हनुवटी छातीला टेकवून बसलेले. दुपारची सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. तिने इअरफोन कानात नीट खोचले आणि पुढे ऐकायला लागली.

'फावला वेळ' हा तिघांचा पॉडकास्ट. ताई ग्रंथपालाच्या नोकरीतून रिटायर झालेल्या. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. तिसरी ही, ब्लॉगवरचं नाव मुंगी. तिघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ताईंनी ब्लॉगवर कपाट आवरण्याबद्दल लिहिलं, मिस्त्रीने खाली टोमणा मारला, मुंगीने मिस्त्रीला झापलं, आणि त्या भांडणातून दोस्ती झाली. दर गुरुवारी फोनवर गप्पा मारायच्या, प्रत्येकाने आपापला आवाज आपल्याकडे रेकॉर्ड करायचा आणि फाईल मुंगीला पाठवायची. ती तिन्ही जोडायची. ऐकणारे सत्तर-ऐंशी. त्यात मिस्त्रीचे मेहुणेच चार.

ताई रेकॉर्डिंग बंद करायला विसरल्या होत्या, एवढंच झालं होतं.

खुर्ची सरकली. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. ताईंचे मिस्टर.

"झालं का तुमचं आकाशवाणी केंद्र?"

ताई हसल्या. कपबशी वाजली. मुंगीने कापायला बोट ठेवलंच होतं.

"ती पोरगी कॉलेजात-बिलेजात नाही हं," ते म्हणाले.

"चहा गार होतोय तुमचा."

"अगं, गेल्या महिन्यात परीक्षा चालू आहे म्हणायची आणि बरोबर दीडला हजर. दीडला सुट्टी कामावरच्या माणसाला होते. पस्तीस वर्षं मी कामावर दीडलाच डबा उघडला ना?"

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"तिने हॉस्टेलबद्दल पहिल्यांदा लिहिलं ना, तेव्हापासून. हॉस्टेलात राहिलेली पोरगी बाथरूमच्या रांगेबद्दल एक अक्षर लिहीत नाही? होणं शक्य नाही."

"मग दर वेळी कशाला विचारतेस, पेपर कसा गेला म्हणून?"

ताईंनी चहाचा घोट घेतला असावा.

"नाही विचारलं तर तिला कळेल ना."

पुढे भाजी काय करायची यावर बोलणं गेलं. मुंगीने ते सगळं ऐकलं, भाजी ठरेपर्यंत. मग अकरा मिनिटं निवडली आणि उडवली.

एरवी ती तोंडाची तिखट. शाळासुद्धा तशीच सुटली होती. दहावीच्या अर्ध्यात बाईंनी तिचा निबंध वर्गात वाचून 'कुठून उतरवलास?' विचारलं, हिने वही टेबलावर आपटली ती परत उचलायला गेलीच नाही. आईने महिनाभर अबोला धरला, मग मालकांशी बोलून तिला इथे चिकटवलं. घरी ती 'हट्टी', दुकानात 'ए पोरी'. अख्ख्या जगात दोनच माणसं तिला हुशार समजत होती. आणि त्यांना तिने सांगितलेलं की ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आता राग यायला हवा होता. वर्षभर म्हातारी पेपरांची चौकशी करत होती आणि ही एकेका प्रश्नाचं उत्तर रचून सांगत होती. तिने रागाची वाट पाहिली. आला नाही. लाज येईल म्हणून थांबली, तीही आली नाही. दाताला भूल दिल्यावर गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं काहीतरी. मालकांनी पुढून हाक मारली. तिने मशीन लावलं आणि कुणाच्या तरी डाव्या डोळ्याची काच घासत बसली. काच एकदम बिनचूक निघाली.

आठवडाभर ती जेवली, झोपली, आईशी एकदा भांडलीसुद्धा, पण सवयीने. ताईंना मेसेज लिहिला आणि पुसला. दुसऱ्यांदा लिहायचा कंटाळा आला.

गुरुवारी दीडला तिघं फोनवर आले. मिस्त्री आपल्या गाडीत बसलेला, काचा वर करून. त्याने एका इमारतीतल्या आजोबांची गोष्ट सांगितली. लिफ्ट चांगली चालत असताना ते दर महिन्याला तक्रार करायचे, कारण मिस्त्री आला की गप्पा व्हायच्या. ताई खूप हसल्या. मग नेहमीसारखं, वाटीत वाढल्यासारखं, हिच्याकडे वळल्या.

"काय गं मुंगे, निकाल लागला का तुझा?"

तिने ठरवलं काहीच नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, भाव सांगावा तसं.

"नाही लागणार. मी बसलेच नव्हते. मी कॉलेजात नाही ताई, कधीच नव्हते. दहावीतच शाळा सोडली. चष्म्याच्या दुकानात काचा घासते."

"अगं बाई," ताई म्हणाल्या. "खरंच?"

"हो."

"मला कधी शंकासुद्धा नाही आली गं."

मुंगी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे डोळे तपासायचा जुना अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक बारीक होत गेलेली.

"मला पण नाही," ती म्हणाली. "म्हणजे, तुम्हाला आली असेल असं वाटलं नाही."

मग मिस्त्री हळूच म्हणाला, "च्यायला. वर्षभर मी घरी पोरीला तुझं उदाहरण देतोय. ती बघ, दुसरं काम नाही धाम नाही, कशी नेटाने शिकते."

"काम आहे मला."

"तेच ना." तो म्हणाला. "आता तिला काय सांगू?"

एक लिफ्ट अडकल्याचा फोन येतोय असं म्हणून तो गेला. अडकली होती की नाही, त्यालाच ठाऊक. ताईंनी विचारलं की हे ठेवायचं की कापायचं, तुझ्यावर आहे बाई. मुंगी म्हणाली, बघते. मग ताईंनी काचा कशा घासतात ते विचारलं, आणि तिने सांगितलं. पाण्याची धार कशी सोडायची, कड कुठवर न्यायची, एक केसभर जास्त गेलं की काच फ्रेममध्ये कशी खुळखुळते. सुट्टी संपली तरी सांगत होती.

संध्याकाळी ताईंची फाईल आली. वेळेवर बंद केलेली. मिस्त्रीची आली नाही. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला आली. एरवी सोबत एखादा फालतू विनोद असायचा, तो नव्हता. पण फाईल आली.

तिने तिन्ही आवाज स्क्रीनवर एकाखाली एक लावले. मिस्त्रीच्या पट्टीवर, तिच्या बोलण्यानंतर, बराच वेळ सरळ रेघ होती. चांगली सात सेकंद. मग श्वास, मग 'च्यायला'. माणसाला धक्का बसला की एवढं लागतंच.

ताईंची रेघ तशी नव्हती. 'काचा घासते' मधलं 'ते' संपायच्या आतच त्यांचं 'अगं बाई' सुरू झालं होतं. तयार ठेवल्यासारखं. ऐकणाऱ्या कुणालाही ताईंचा संशय आला असता, आणि मिस्त्री प्रत्येक भाग दोनदा ऐकायचा.

मालक पुढे कुणाला तरी डोळा झाकून खालची ओळ वाचायला सांगत होते. मुंगीने ताईंची पट्टी 'अगं बाई'च्या बरोबर आधी तोडली आणि पुढचं सगळं थोडं उजवीकडे सरकवलं. मधे अर्ध्या सेकंदाची शांतता बसवली. ऐकून पाहिलं. कमी वाटलं. अजून अर्धा सेकंद घातला.

आता ताईंना काहीच माहीत नव्हतं.