डॅम्पचा अर्थ

श्रावणची छाती तपासून डॉक्टर दोनदा म्हणाले, डॅम्प. घर डॅम्प, हवा डॅम्प. पुढचं मात्र त्यांनी रुख्माबाईला बाजूला घेऊन मराठीत सांगितलं, "असंच राहिलं तर यंदाचा पावसाळा निघायचा नाही."

नागपुरात महाल वस्तीतल्या घरी नवऱ्याला टेकवून ती तशीच शेजारी इंदुताईंकडे गेली. इंदुताई शाळेत शिकवायच्या. त्यांनी डिक्शनरी काढली. भिंत डॅम्प, अंथरूण डॅम्प. जिथंतिथं त्या शब्दामागे बुरशी नाहीतर खोकला लागलेला.

"म्हणजे ओल वं, रुख्मा."

"ओल? ओल तं चांगली राह्यते, ताई!"

तिचंही काय चुकलं? मे महिन्याच्या नागपुरात ओलीला नावं ठेवणारं माणूस औषधाला मिळायचं नाही. साहेब लोक तर खसाच्या ताट्यांवर पाणी मारून तिच्यात निजतात. अन् कोष्ट्याच्या घरी ओल म्हणजे भाकर. सूत वाळलं की तुटतं. म्हणून मागाच्या खड्ड्याभोवती जमीन भिजवायची, खिडकीला ओली पोती टांगायची, दार लावून घ्यायचं. इंग्रजांच्या थंड मुलखात या शब्दाची अब्रू गेली असेल, इथं ती शाबूत होती.

"पोते तं मीच भिजवते ना वं, ताई," रुख्माबाई हळूच म्हणाली. "लगन होऊन आली तवापासून."

इंदुताईंनी डिक्शनरी मिटली.

घरी येऊन तिनं पोती उतरवली, दार सताड उघडलं. थोरला मुलगा लहानू वाडीला गोदामावर चौकीदार होता. त्याची टिनाची खोली तापायची, पण कोरडी होती.

"चला, लहानूकडं जाऊ."

"मागावर चढवला तो ताणा सरू दे," श्रावण म्हणाला. "अर्ध्या ताण्यावरून कोष्टी उठते काय?"

उघड्या दारातून झळा आल्या आणि सूत तुटायला लागलं. धोटा गेला की तुटे. श्रावण वाके, गाठ मारे, खोके. ताणा बोटभरही सरकेना. असं तर दिवाळी उजाडली असती. शेवटी रुख्माबाईनंच पुन्हा पोती भिजवली. लवकर सरेल, लवकर निघू, असं ती स्वतःला सांगत राहिली. धोटा धावू लागला. खोकलाही.

ताणा सरला त्या सकाळी तिनं लहानूला निरोप धाडला, पोती अंगणात उन्हात टाकली, गाठोडं बांधलं. आत वळली तर श्रावण खड्ड्यातच. मागाच्या फणीत उरलेल्या जुन्या सुताच्या शेपटांना नव्या ताण्याचे दोरे एकेक करून चिमटीत वळत होता. कोष्टी तसंच करतात. हा ताणा बापाच्या ताण्याला जोडलेला, बापाचा आज्याच्या. मधे कुठं तोडलेला नाही. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? तिनं ते स्वतःला आठवूच दिलं नव्हतं.

"अवो, काय करून राहिले तुमी?"

"एवढा एक वं. मंग जाऊ."

दोरा तुटला. त्यानं पुन्हा वळला, पुन्हा तुटला. खोकल्यानं बोटं जागेवर राहीनात. तरी त्यानं मान वर केली नाही की काही मागितलं नाही.

रुख्माबाई अंगणात गेली. पोती वाळून कडक झाली होती. बादलीत टाकली तर बुडेनात, वर येऊन तरंगायला लागली. तिनं दोन्ही हातांनी ती पाण्याखाली दाबून धरली.