एक लाल फटकारा

मी बोलतोय, बैठकीच्या भिंतीवरचं समुद्राचं चित्र. नाक लावून पाहाल तर नुसता रंगांचा चिखल दिसेल. चार पावलं मागे सरा, मग वारा दिसेल, लाटा दिसतील, आडवं झालेलं गवत दिसेल.

माझा जन्म किनाऱ्यावरच झाला. वारा असा, की मला ज्यावर ठेवलं होतं ते तिपायी ईझल उभं राहीना. शेवटी चित्रकाराची बायको वाळूत फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांनी तिनं ईझलचे पाय धरले. डोक्याला लाल रुमाल आणि तोंडाचा पट्टा चालूच, की आटपा लवकर, निम्मा किनारा माझ्या तोंडात गेला. थोडी वाळू माझ्या ओल्या रंगातही अडकली. ती बाई स्वतः मात्र चित्रात आली नाही. येणार कशी? मलाच धरून बसली होती ना!

पुढे मी वाळलो, माझ्यावर व्हार्निश चढलं आणि वर्षभरात ती तापानं गेली. मागे तान्ही लेक. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मग एका दुपारी चित्रकारानं त्या वाळलेल्या व्हार्निशवरच, गवताच्या कडेला, लाल रंगाचा एक फटकारा ओढला. लेकीला कडेवर घेऊन मागे सरला आणि म्हणाला, "ती बघ तुझी आई."

पोर तेवढ्यावर वाढली. शाळेतून आली की आधी माझ्यापुढे उभी राहायची. सासरी जाताना मला घेऊन गेली. आता तिचे केस पिकलेत.

मी काळवंडलो होतो, हे खरं. आईला खूश करावं म्हणून तिच्या मुलानं तिला न सांगता मला साफ करायला दिलं. साफ करणारा चांगला माणूस होता, काम मन लावून करायचा. भिंगातून त्याला व्हार्निशच्या वर रंग दिसला. नंतर कुणीतरी पाडलेला डाग असणार, असं त्याला वाटलं. ती लाली कापसाच्या बोळ्यावर उतरली आणि बोळा कचऱ्यात गेला. मला ओरडताही येईना.

घरी सगळे म्हणाले, काय लख्ख झालंय! ती चार पावलं मागे सरली. मग जवळ येऊन गवताच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"आई कुठंय?"

आपण काय करून बसलो ते मुलाला कळलं. पुन्हा तसाच रंग लावून घेऊ, म्हणाला.

"लावशील रे," ती म्हणाली. "पण तो नुसता रंग असेल."

आता ती माझ्याकडे पाठ करून बसते. मला उतरवा, भिंतीकडे तोंड करून ठेवा, एवढंच मागणं आहे. वाळूचे कण अजून आहेत, वाराही आहे. त्या वाऱ्यात तिच्या आईनं मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मला मात्र तिला धरून ठेवता आलं नाही.