तोंडपाठ केलेली अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेला असतो. सगळ्यात वर माझा मोठा 'र', त्याखाली 'ग म', मग 'प न व', आणि पुढे ओळीओळीने बारीक होत गेलेली अक्षरं. छापखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता कडा पिवळ्या पडल्या आहेत. ज्याला मी वाचता येतो त्याचे डोळे चांगले, एवढंच माझं काम. त्याच कामात माझ्याकडून एका मुलीचं वाईट झालं.

वर्षाराणी कंधारजवळच्या खेड्यातली, एकोणीस वर्षांची. तिचे वडील केरबा ट्रॅक्टरच्या नांगराचा गंजलेला बोल्ट तोडत होते आणि ती छिन्नी धरून बसली होती. हातोडा बसला, लोखंडाची कपची उडाली आणि तिच्या उजव्या डोळ्यात शिरली.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी कपची काढली, जखमेला टाके घातले. पुढे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवलं. दोन महिन्यांनी वर्षाराणीने चष्मा लावून माझ्या चार ओळी वाचल्या, तेव्हा तपासणाऱ्या सौदामिनीताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरबाईंनी मात्र बजावलं, "डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाली आहे. काळी सावली दिसली तर त्याच दिवशी यायचं."

त्याच सुमारास तिचं लग्न रेणापूरला ठरत होतं. मुलाची आई साखराबाई हिच्या कानावर डोळ्याची गोष्ट गेली. "पोरगी काणी हाय म्हणतेत. माझ्यासमोर दवाखान्यात वाचून दाखवा, मगच तारीख धरू," असा तिने निरोप धाडला.

केरबा एके दिवशी औषध घ्यायला आले आणि मोबाईलवर माझा फोटो काढून घेऊन गेले. मला वाटलं, कुणाला तरी मी आवडलो.

घरी त्यांनी लेकीकडून मला पाठ करून घेतलं. सरळ आणि उलटंही. हे तिनेच नंतर सौदामिनीताईंना सांगितलं. तोवर तिच्या डोळ्यात सावली आली होती. "बाबा, खालून काळं काळं चढून राहिलंय," ती म्हणाली. केरबा म्हणाले, "कोणाला बोलू नको. लगीन होऊ दे, मग दाखवू."

तपासणीच्या दिवशी साखराबाई तिच्या मागेच खुर्ची ओढून बसली. वर्षाराणीने डावा डोळा झाकला आणि सहा ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या.

"आता खालून वर वाच म्हणावं," साखराबाई म्हणाली.

वर्षाराणीने तेही म्हटलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मला ते समजत होतं, पण मला फक्त अक्षरं आहेत, तोंड नाही.

"लई ब्येस हाय की डोळा!" साखराबाई उठली.

सौदामिनीताई म्हणाल्या, "थांबा, औषध घालून पडदा बघायचाय. तासभर लागेल."

"समदं वाचलं की, ताई," केरबा घाईने म्हणाले. "पाव्हण्यांना रेणापूर गाठायचंय." आणि ते गेले.

सतरा दिवसांनी केरबा तिला घेऊन पुन्हा आले. लग्नाला पाच दिवस राहिले होते. "जरा चष्म्याचा नंबर वाढवून द्या," म्हणाले. तिला उजवीकडची खुर्ची सापडेना, हे सौदामिनीताईंनी पाहिलं. त्यांनी मला गुपचूप खिळ्यावरून उतरवलं आणि माझ्या जागी आकड्यांचा तक्ता लावला.

"डावा डोळा झाक आणि वाच."

"र. ग, म. प, न, व..." वर्षाराणी समोरच्या आकड्यांना म्हणत राहिली.

"वर्षाराणी, थांब."

"चुकलं का, ताई? पुन्हा म्हणते की."

सौदामिनीताईंनी तिला जवळ घेतलं. केरबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पडदा पुरता सुटला होता. "त्या दिवशी थांबला असता तर बरंच वाचवता आलं असतं," डॉक्टरबाई केरबांना म्हणाल्या. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर दाबून राहावा म्हणून डोळ्यात तेल भरलं. त्यासाठीच दहा दिवस वर्षाराणी पालथी पडून राहिली. ती तशी पडलेली असतानाच साखराबाईचा फोन आला, आणि लग्न मोडलं.

महिन्याने मी पुन्हा तिच्यासमोर होतो. तिने डावा डोळा झाकला. मान पुढे काढून ती मला शोधत राहिली. दाराशी उभे असलेले केरबा न राहवून पुटपुटले, "र..."

ती गर्रकन वळली. "बाबा, सांगू नका! मला न्हाई दिसत. न्हाईच दिसत मला!"

सौदामिनीताईंनी तिच्यासमोर हात धरला आणि हळूहळू जवळ आणला. तीन फुटांवर तिने बोटं बरोबर मोजली. त्यापलीकडचं त्या डोळ्याला पुन्हा कधीच दिसलं नाही.

मित्रांनो, मला कधीही पाठ करू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. आणि घरातलं कुणी तसं म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात आणा. मी वाचता आलो नाही म्हणून आजवर कुणालाही शिक्षा केलेली नाही. शिक्षा माणसं करतात.