बांडीचं कव्हर

स्वराजचा वाढदिवस अवसरी बुद्रुकच्या वेशीवर चांगला दोन-दोन महिने चालायचा, कारण एकदा लावलेला फ्लेक्स उतरवायचं कुणी नाव घेत नसे. डोळ्यांवर गॉगल, हाताची घडी, मागं कुणाची तरी परदेशी गाडी आणि खाली गोल गोल खिडक्यांतून डोकावणारा मित्रपरिवार. कर्तृत्व काय, तर पोरगा इंजिनिअर झाला. तो कसा झाला ते हिराला विचारावं. चार वर्षं त्यानं तिच्याच असाइनमेंट उतरवल्या होत्या, आणि उतरवतानाही चुका केल्या होत्या.

आणि अशा माणसाशी हिरानं भागीदारी केली. इलाज नव्हता. तिला व्हिडिओ गेम बनवायचा होता आणि घरचा लॅपटॉप तापला की मान टाकायचा. स्वराजच्या वडिलांच्या खतांच्या दुकानाच्या माडीवर मात्र एक दणकट कॉम्प्युटर होता. स्वराज त्याच्यावर दिवसभर माणसं मारायचा. ती खोडदहून एसटीनं नारायणगाव, तिथून मंचर, तिथून अवसरी अशी यायची आणि त्याचं माणसं मारून झालं की कामाला बसायची. अशी दोन वर्षं गेली.

गेमचं नाव 'बांडी'. त्यात माणूस एकही नाही. खेळणाऱ्यानं बांडी व्हायचं. बांडी म्हणजे एक म्हातारी मेंढी, अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं. मेंढका वाटेत कुठंतरी मागं राहिलाय, आणि अख्खा कळप तिनं एकटीनं घरी न्यायचा. वाटेत कॅनॉल आहे, हायवे आहे, उसाचे फड आहेत आणि उसात बिबट्या आहे. हिराचे वडील यमाजी अजून मेंढरं राखत होते, त्यामुळे मेंढरं कधी बुजतात, कधी एकमेकांत तोंड खुपसून उभी राहतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. स्वराजनं या सगळ्यात काय केलं? खुर्ची दिली. आणि इंटरनेटवरच्या ज्या दुकानात हे गेम विकतात तिथलं खातं स्वतःच्या नावावर उघडून पासवर्ड खिशात ठेवला.

त्या दुकानात रोज नवे गेम ढिगानं येऊन पडतात. प्रत्येकाला एक कव्हर लावावं लागतं, आणि ते फोनवर दिसतं नखाएवढं. तेवढ्या चित्रापाशी माणसाचा अंगठा थांबला तर थांबला, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. हिरानं आधी अख्खा कळप काढला. लहान करून पाहिला तर सांडलेले मुरमुरे. मग उसातला बिबट्या काढला. तो उठून दिसत होता, पण असा बिबट्या, वाघ, लांडगा दर चौथ्या गेमवर दात विचकत बसलेला असतो. शेवटी तिनं सगळं पुसलं आणि नुसतं बांडीचं तोंड ठेवलं, समोरून, अर्धं काळं, अर्धं पांढरं, मागं वाळल्या गवताचा पिवळा. खाली जाड अक्षरांत नाव. फोन खिडकीत उभा करून तिनं आईला लांबूनच विचारलं, काय दिसतंय. तुकाबाई चष्म्याशिवाय भाकरी थापत होती. "बांडं मेंढरू हाय की," ती म्हणाली. हिराचं काम झालं होतं.

स्वराजनं चित्र पाहिलं आणि नाक मुरडलं.

"आन् माणूस कुठाय?"

"गेममधी माणूसच नाय, तर कव्हरवर कुठनं आणू?"

"अगं पर तोंड नको का?"

"हे काय हाय मग? ढोपर?"

"मेंढराचं तोंड बघून कोण घेतंय राव! लोकं माणूस बघत्यात."

हिरानं त्याला समजावलं. जागा नखाएवढी आहे, त्यात एकच गोष्ट मावते, आणि जे कव्हरवर तेच आत मिळालं पाहिजे. स्वराजनं वर्गात ऐकायचा तसंच ऐकलं आणि गाडीला किक मारून मंचरला सुनीलकडे गेला.

सुनील म्हणजे तालुक्यातला नावाजलेला फ्लेक्सवाला. रिकामी जागा दिसली की या माणसाला कसंसंच होतं. त्यानं मधोमध स्वराज उभा केला, गॉगल आणि हाताची घडी यांच्यासकट. एका खांद्यावर बिबट्या, दुसऱ्या खांद्यावर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना, मागं आगीचा लोळ. मेंढी कुठंतरी गुडघ्यापाशी होती. आणि खाली, नेहमीच्या शिस्तीत, गोल गोल खिडक्यांतून नऊ जण.

ते कव्हर दुकानात लागल्यावरच हिराला दिसलं, एसटीत, फोनवर. तिनं तिथूनच फोन केला.

"खाली ही कोण माणसं?"

"मित्रपरिवार."

"जगाच्या दुकानात मित्रपरिवार?"

"मग पोरांनी शेअर कशापायी करायचं? सोताचा फोटू नसंल तर कोण करतंय?"

मूर्खपणा थोडा असला तर माणूस वाद घालतो. इतका असला की फोन ठेवतो.

पोरांनी शेअर केलं आणि विसरून गेली. गेम तसाच पडून राहिला. मग परदेशातल्या कुण्या रिकामटेकड्यानं, ज्याच्यामागं लाखभर रिकामटेकडे होते, ते कव्हर उचललं आणि त्याच्यावर पोट धरून हसला. त्याचं बघून बाकीचे हसले. खालचे नऊ जण कोण, यावर मोठमोठ्या चर्चा झडल्या. कुणी म्हणे, हे नऊ राक्षस, एकेकाला हरवायचं. त्या नवांतल्या गोरखचा फोटो सुनीलनं आधार कार्डावरून उचलला होता. त्याचा तो भेदरलेला चेहरा लोकांनी स्वतःच्या नावापुढं लावला. हसायला म्हणून लोक गेम घेत सुटले.

"बघितलंस?" स्वराज म्हणाला. "तोंड लागतं." आणि या यशाबद्दल वेशीवर नवा फ्लेक्स लागला. त्यात हिरा नव्हती, हे सांगायला नकोच.

हिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण हसायला आलेल्यांतले काही जण शेवटपर्यंत खेळले. कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईनं लिहिलं: "चेष्टा म्हणून घेतला होता. कळप दारात पोचला, आणि बांडी आत न जाता मागं वळून त्या माणसाची वाट बघत उभी राहिली. मी खेळ तसाच ठेवला आणि वडिलांना फोन लावला." हिरानं ते वाचलं, पुन्हा वाचलं. दोन वर्षं एसटीचे धक्के खाल्ले ते एवढ्यासाठीच.

आता नाव झालंच आहे, तर खरं कव्हर लावू, असं तिनं ठरवलं. स्वराज भलताच खुशीत होता. त्यानं पासवर्ड ओवाळून टाकल्यासारखा देऊन टाकला. बांडीचं तोंड दुकानात लागलं. चित्रातलं कळणाऱ्या पाच-सहा जणांनी फार सुंदर म्हणून कौतुक केलं आणि पुढं गेले. बाकीचे विचारत आले, ते नऊ जण कुठं गेले? नाहीत म्हटल्यावर तेही परतले. हळूहळू येणारे थांबले. त्या बाईसारखं मग कुणीच काही लिहिलं नाही, कारण दारात उभ्या बांडीपर्यंत कुणी पोचतच नव्हतं. हिरा रोज बघायची आणि रोज जगाला शिव्या घालायची. यांना चांगलं चित्र दाखवलं तर अंगठा थांबत नाही, आणि गॉगलवाला टोणगा दाखवला की जत्रा लोटते. सगळं खरं होतं. पण बांडी एकटीच उभी होती, हेही खरं होतं.

एके दिवशी दुपारी ती माडीवर आली, दार लावलं आणि सुनीलची फाइल उघडली.

जसंच्या तसं परत लावून मोकळं व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण हाताला सवय लागलेली. आगीचा लोळ उगाच डोळ्यांत जात होता, तो तिनं काढला. बिबट्या काढला, अँटेना काढल्या. स्वराजचं तोंड मोठं केलं, इतकं की गॉगलच आधी नजरेत भरावा. मागं तिचाच तो वाळल्या गवताचा पिवळा दिला. नऊ जण लहान केल्यावर मोहरीसारखे दिसत होते, म्हणून आठ उडवले आणि एकटा गोरख ठेवला, स्वराजच्या खांद्याआडून बघणारा, भेदरलेला. स्वराजच्या मिशीची कड धूसर होती, ती तिनं केसाकेसानं नीट केली.

स्वराज वर आला आणि मागं उभा राहून बघत राहिला.

"आता कसं!" तो म्हणाला. "तुला कळाया येळ लागतो, पर कळतं."

तिनं चित्र दुकानात लावलं. संध्याकाळपर्यंत लोक पुन्हा यायला लागले.

हिराला स्वराजचा राग यायला हवा होता. पण राग आला तो स्वतःचाच. नखाएवढ्या जागेत तो गॉगल लांबूनही लख्ख दिसत होता, आणि तिनं आजवर काढलेल्या सगळ्या चित्रांत हेच सगळ्यांत चांगलं उतरलं होतं.