झटकणारीचा फोटो

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मेसोथेलिओमा. हा कॅन्सर फार दुर्मिळ असतो, असंही म्हणाले. मिस्त्री खूश! बायकोला म्हणाले, "बघ, जन्मभर सगळं चारचौघांसारखं मिळालं. मरण तरी निवडक!" तिने कपाळावर हात मारला.

मिस्त्रींनी उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरखोलीत काढला होता. वाफेच्या पाइपांवर अॅस्बेस्टॉसचा लेप चढवायचा. पांढरी भुकटी हाताने कालवायची आणि जेवणाच्या सुट्टीत तिचेच गोळे करून एकमेकांच्या टाळक्यात हाणायचे. काय ती अक्कल! तीच धूळ आता फुफ्फुसाच्या आवरणात ठाण मांडून बसली होती. मिस्त्रींची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. हौसेने गोळे मारले, आता भोगा.

पण डॉक्टरांनी सहज विचारलं, "कामाचे कपडे कोण धुवायचं?" आणि मिस्त्रींची बोबडी वळली. भिजवण्याआधी बायको रोज दारात उभी राहून त्यांचा डगला धाडधाड झटकायची. पांढरी होऊनच घरात यायची.

"मग यांच्याही छातीचा फोटो काढा," डॉक्टर म्हणाले.

बाई हटून बसली. "मला काही धाड भरलेली नाही." मिस्त्री विनवून थकले, ओरडून थकले. शेवटी त्यांनी कारखान्यातलं जुनं हत्यार काढलं, संप! औषध बंद, जेवण बंद, स्वयंपाकघराच्या दारातच बैठक.

"म्हातारपणी नाटकं सुचतायत," ती म्हणाली.

"नाटक नाही गं. भीती वाटते मला. माझ्या धुळीने तुझं काही बरंवाईट झालं, तर मला मरायलाही तोंड राहणार नाही."

ती मुकाट्याने चपला घालून आली.

फोटो स्वच्छ निघाला. आज तरी काही नाही, वर्षाने पुन्हा दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. धाप लागेपर्यंत हसले, दवाखान्याच्या शिपायाचाही हात धरून गदागदा हलवला. मागे वळून बघतात तर बाई बाकावर बसून हमसून हमसून रडतेय.

"अगं, वेड लागलं का? सुटलीस तू!"

"तुमचं काय जातंय," ती नाक पुसत म्हणाली. "तुम्ही जाल निघून. मला वाटलं होतं, माझंही असंच काही निघेल, तर जाऊ बरोबर. आता मागे एकटीने राहायचंय ते मला."